घरासाठी जुनं वेल्डिंग मशीन: आधी मीटरपासून शेडपर्यंतची वायर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, मीटर सिंगल फेज, परड्याच्या टोकाला पत्र्याचं शेड, मीटरपासून साधारण चाळीस मीटरवर. गेट, ग्रिल, शेडच्या छताची कैची, कधीतरी ट्रॉलीचा पत्रा, एवढीच कामं आणि तीही सुट्टीच्या दिवशी. उद्यमनगरातलं एक बंद होणारं वर्कशॉप जुनं ऑइल कूल्ड मशीन नऊ हजारांना देतंय. प्लेटवर ३०० अँपिअर, ४१५ व्होल्ट लिहिलंय. ते घरच्या मीटरवर चालेल का, नाहीतर शेतातल्या मोटरच्या थ्री फेजवर लावावं का, जनरेटर घ्यावा का, की हे सगळं सोडून जुनं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन बघावं?

ते मशीन घेऊ नका. मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तेलातली ती जुनी तांब्याची मशिनं तीन-तीन शिफ्ट चालून वीस-पंचवीस वर्षं टिकलेली मी पाहिली आहेत, आणि माझं स्वतःचं शिक्षण तसल्याच मशीनवर झालं. पण ते तुमच्या घरातल्या विजेसाठी बनवलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं हे काम करताना एक गोष्ट वारंवार पाहिली: माणूस आधी मशीन घेतो, टेम्पोत घालून घरी आणतो, आणि मग वायरमनला विचारतो की आता हे कुठं जोडायचं. क्रम उलटा हवा. तुमचं मीटर, तुमची वायर आणि तुमचं अर्थिंग किती झेपवतं हे आधी ठरवा. त्यात बसेल तेच मशीन तुमचं.

हिशोब करून दाखवतो, कारण हा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही.

दहा नंबरची रॉड, म्हणजे ३.१५ मिलिमीटरची, साध्या ६०१३ जातीची, नीट चालवायला ११० अँपिअरच्या आसपास लागतात. त्या वेळी आर्कवर, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यातल्या ठिणगीवर, व्होल्टेज असतं २४ च्या जवळपास. ११० गुणिले २४, म्हणजे सुमारे २.६ किलोवॅट. एवढ्यावरून लोकांना वाटतं, गीझरएवढाच तर लोड आहे. गीझर चालतो तर हेही चालेल.

ट्रान्सफॉर्मर मशीनचं, म्हणजे या तेलातल्या जुन्या मशीनचं, तसं नसतं. रॉड टेकवण्याआधी रॉड धरायचा होल्डर आणि लोखंडाला लावायचा क्लॅम्प यांच्यात ७० व्होल्टच्या आसपास असतात. रॉड पेटल्यावर ते २४ वर येतात, मधले व्होल्ट मशीनच्या आतल्या कोअरमध्ये दाबले जातात. त्यांची वीज खर्च होत नाही, पण लाइनमधून करंट मात्र पूर्ण ७० व्होल्टच्या हिशोबानं ओढला जातो. ११० गुणिले ७०, भागिले २३०: साडेतेहतीस अँपिअर. हेच मशीन दोन फेजवर, ४१५ व्होल्टला जोडलं तर साडेअठरा. म्हणून ही मशिनं ४१५ वर चालवतात. घरच्या मीटरवर बऱ्याचदा ५–३० अँपिअर असं छापलेलं असतं, तुमच्यावर काय आहे ते आजच बघा. एकट्या दहा नंबर रॉडनं ते मीटर ओलांडलं जातं, फ्रिज आणि पाण्याची मोटर बाजूलाच राहिली. मीटर बिल लावतं ते युनिटचं, पण वायर तापते अँपिअरनं. बिल कमी आलं म्हणजे वायर सुरक्षित आहे असं समजू नका.

आता तुमच्यासमोरच्या मशीनची प्लेट फक्त ४१५ ची आहे. त्याला सिंगल फेजचे २३० दिले तर होल्डरवरचे ७० व्होल्ट उतरून ३९ होतील. त्यावर रॉड पेटत नाही, नुसती चिकटते. काही मशिनांना २३० आणि ४१५ असे दोन्ही टॅप, म्हणजे लाइन जोडायच्या जागा, असतात, पट्टी बदलून जोडता येतात. तुमच्या विक्रेत्यानं तसं काही सांगितलेलं दिसत नाही. आणि उलटी चूक तर फार महागात पडते. २३० च्या टॅपवर ४१५ दिले की कोअर गुरगुरतो, वाइंडिंग जळतं, आणि तेलाचं मशीन असेल तर आत तेल आहे हे लक्षात ठेवा.

इन्व्हर्टर मशीनचं गणित वेगळं आहे. ते आधी एसीचा डीसी करतं, मग आयजीबीटीनं, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचनं, तो सेकंदाला हजारो वेळा तोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतं, त्यामुळे मधले व्होल्ट दाबून ठेवायची गरज पडत नाही. त्याच २.६ किलोवॅटला आतलं नुकसान धरून सुमारे ३.४ किलोवॅट लागतात. स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, ०.७ च्या आसपास असतो, तो धरला तर लाइनवर २१ अँपिअर. बारा नंबरची, म्हणजे अडीच मिलिमीटरची रॉड ७५ अँपिअरवर चालवलीत तर तेरा-साडेतेरा. तुमच्या गेट-ग्रिलच्या नव्वद टक्के कामाला बारा नंबर पुरते. विजेचा खर्च म्हणाल तर एका युनिटमध्ये दहा नंबरच्या पंधराएक रॉड जळतात. म्हणजे बिलाची चिंता सोडा.

म्हणून माझा सल्ला: जुनं पण चांगलं, २०० अँपिअरचं, सिंगल फेजचं आयजीबीटी इन्व्हर्टर मशीन. आणि ते घेण्याआधी खालची वायरिंग.

चाळीस मीटर अंतर म्हणजे जाताना चाळीस, येताना चाळीस, ऐंशी मीटर तांबं. दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, लवचिक वायर ओढलीत तर २१ अँपिअरला २२ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचची वायर असेल तर तेरा, चारची असेल तर आठ. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी, सगळ्यांच्या मोटरी आणि एसी चालू असताना, मीटरवरच २०५-२१० व्होल्ट मिळत असतील, तर त्यातून बावीस गेल्यावर मशीनला काय उरतं? इन्व्हर्टर व्होल्टेज कमी मिळालं की तेवढीच ताकद द्यायला जास्त करंट ओढतो, वायर आणखी तापते, व्होल्टेज आणखी पडतं. लोक म्हणतात मशीन खराब निघालं. मशीनचा काही दोष नसतो, एक्स्टेन्शन बोर्डाची वायर बारीक असते. म्हणून मीटरपासून शेडपर्यंत कायमची लाइन तांब्याची ६ स्क्वेअरची टाका, पाइपमधून, जमिनीखालून किंवा भिंतीवरून. शेडमधून मशीनपर्यंत चार स्क्वेअरची तीन कोअरची लवचिक केबल, पाच मीटरपेक्षा लांब नको. दूर जाऊन वेल्डिंग मारायचं असेल तर इनपुटची वायर वाढवू नका, होल्डर आणि क्लॅम्पच्या जाड केबल वाढवा. जास्तीची केबल गुंडाळी करून ठेवू नका, मोकळी पसरा. गुंडाळलेली केबल आतल्या आत भाजते.

घरातला नेहमीचा सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट बारा नंबर रॉडला चालेल. दहा नंबरला चालवलात तर काही दिवसांत प्लगची पिन काळी पडेल, मग बोर्ड वितळेल. शेडमध्ये ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग-सॉकेट बसवा, निळ्या रंगाचा. निळा म्हणजे २३० व्होल्टचा, लाल ४१५ चा. त्याच्या आधी ३२ अँपिअरचा सी टाइप एमसीबी. एखादं ट्रान्सफॉर्मर मशीन कधी घेतलंत आणि ऑन करतानाच एमसीबी पडू लागला तर डी टाइप बसवतात, कारण ट्रान्सफॉर्मर सुरुवातीला क्षणभर खूप करंट ओढतो. पण वायरपेक्षा मोठा एमसीबी कधीही बसवायचा नाही. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, मशीन चालू ठेवण्यासाठी नव्हे.

आणि मंजूर भार. घरगुती कनेक्शनचा भार बिलावरच लिहिलेला असतो. तो एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडे पाच किलोवॅटसाठी अर्ज करा आणि रीतसर वाढवून घ्या. त्यासोबत मीटर आणि खांबावरून आलेली सर्व्हिस वायर तपासली जाते, आणि मला ते पैशांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. खांबावरचा जोड सैल असेल तर तुमची रॉड पेटताना शेजाऱ्यांची ट्यूब लुकलुकते. न्यूट्रल सैल असेल तर त्याहून वाईट, गल्लीतले टीव्ही जातात.

आता अर्थिंग, आणि इथं मी जरा थांबणार आहे.

घरी वेल्डिंग करणाऱ्या दहांतल्या सातजणांना दोन वेगळ्या वायरी एकच वाटतात. मशीनच्या पॉवर केबलमधली हिरवी वायर ही मशीनच्या पत्र्याच्या बॉडीचं अर्थिंग आहे. जॉबला लावतो तो क्लॅम्प, ज्याला आपण सगळे अर्थच म्हणतो, तो अर्थ नव्हे. तो वेल्डिंग करंटचा परतीचा रस्ता आहे. पहिली वायर तुमचा जीव वाचवते, दुसरी तुमचं काम चालवते.

हा फरक मला ज्या दिवशी कळला तो दिवस सांगतो. उसाच्या ट्रॉलीचा पत्रा लावत होतो. क्लॅम्प ट्रॉलीच्या रंगवलेल्या भागावर लावला होता, घाईत. हँड ग्राइंडर ट्रॉलीच्या चॅनेलवरच ठेवलेला, प्लग बोर्डात. रॉड पेटली, चांगली चालली, आणि दोन मिनिटांत ग्राइंडरच्या वायरमधून धूर. क्लॅम्पखाली रंग होता, तिथून करंट जाईना, म्हणून शंभर अँपिअर ग्राइंडरच्या लोखंडी बॉडीतून, त्याच्या बारीक हिरव्या वायरीतून, भिंतीतल्या अर्थिंगमधून परत गेले. ग्राइंडरची हिरवी वायर आतल्या आत जळून तुटली. वरून ग्राइंडर ठीक होता, चालतही होता. तसाच वापरला असता आणि पुढं कधी त्याच्या बॉडीत फेज आला असता तर माझा हात त्याच्यावर असता. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: क्लॅम्प घासून पांढऱ्या केलेल्या लोखंडावर, वेल्डिंगच्या शक्य तितका जवळ, आणि जॉबवर एकही विजेचं हत्यार नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवर काम असेल तर आधी ट्रॉलीचा जोड सोडा, ट्रॅक्टर लांब न्या. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग असेल तर बॅटरीची आणि अल्टरनेटरची वायर काढा. आणि क्लॅम्प असा लावू नका की करंट बेअरिंगमधून जाईल. बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि महिन्याभरानं ते आवाज करू लागतं.

हिरव्या वायरीचं दुसरं गणितही लक्षात घ्या. समजा तुमच्या खड्डा अर्थिंगचा रेझिस्टन्स वीस ओहम आहे. बावड्यात नदीकडची काळी माती ओल धरते, तिथं कमी मिळेल. मुरमाड जागेत एप्रिल-मेमध्ये याहून जास्तही निघतो. मशीनच्या बॉडीत फेज आला तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर अर्थमधून जातील. ३२ चा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. बॉडी जिवंतच राहील आणि एमसीबी निवांत असेल. म्हणून गळतीचा करंट दिसताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, ज्याला आपले वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. जुनं मशीन लावल्यावर तो वारंवार पडू लागला तर त्याला बायपास करून देणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. तो सांगतोय की मशीनचं इन्सुलेशन गेलंय किंवा आत ओल आहे. मशीन काढा, मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावा.

शेतातल्या मोटरच्या लाइनचा विचार तर पूर्ण सोडा. शेतीची थ्री फेज ठरावीक तासांनाच असते, हे झालं एक. पण शेतीपंपासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. आकडा टाकला तर ती चोरी, तिथं कलम १३५. हेच घरच्या मीटरलाही लागू आहे: स्वतःचं गेट दुरुस्त करणं वेगळं, गल्लीतल्या लोकांची ग्रिलं पैसे घेऊन करणं वेगळं. त्या मार्गानं जायचं ठरलं तर वेगळं कनेक्शन घ्या.

आता जुनं इन्व्हर्टर बघायला जाल तेव्हा.

कोल्हापुरात एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा: हे मशीन पुरात होतं का? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठची किती तरी वर्कशॉपं पाण्यात होती. करवीर, शिरोळ, हातकणंगले, सगळीकडे. बुडालेली मशिनं धुऊन, वाळवून, रंग मारून विकली गेली. २०१९ च्या दिवाळीनंतर असंच एक मशीन मी स्वतः घेतलं होतं. उन्हाळाभर चाललं आणि पावसाळ्याच्या पहिल्या दमट आठवड्यात बोर्ड फुटला. उघडलं तर फॅनच्या मागं, जिथं हवा मारून निघत नाही, तिथं गाळाचा पातळ थर. म्हणून आता बॅटरी घेऊनच जातो. फॅनच्या पात्यांची मागची बाजू, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर पांढरी भुकटी, खालच्या स्क्रूंचा गंज, बॉडीच्या आतल्या कोपऱ्यातली पिवळसर रेघ. यातलं एक जरी दिसलं तरी परत यायचं, किंमत कितीही कमी असली तरी.

स्क्रूची डोकी बघा. खाल्लेली असतील तर मशीन आधी उघडलं गेलंय. दुरुस्त केलेलं मशीन वाईटच असतं असं नाही, पण कोणी केलं, काय बदललं हे विक्रेत्याला सांगता यायला हवं. मशीन हलवून ऐका, आत काही खळखळतंय का. पॉवर केबल कंपनीची आहे की कोणीतरी बारीक घरगुती वायर लावून दिली आहे? मल्टिमीटरनं हिरवी वायर बॉडीला लागते का ते तपासा, हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. होल्डर लावायच्या पितळी सॉकेटभोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं असेल तर मशीन सैल जोडावर खूप चाललंय. स्वतः झाकण उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी काही वेळ राहतात, आणि तो झटका साधा नसतो.

मशीन चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. स्वतःच्या रॉड न्या, दहा नंबरच्या, कोरड्या. मोकळ्यावर, म्हणजे रॉड न पेटवता, मल्टिमीटर लावून डीसी व्होल्ट मोजा, साधारण साठ ते नव्वदमध्ये असतात. मग १२० वर लावून जाड पट्टीवर लागोपाठ पाच-सहा रॉड जाळा, न थांबता. पहिली रॉड सगळ्याच मशिनांवर चांगली चालते. चौथ्या-पाचव्याला आर्क तुटतो का, पिवळा दिवा लागतो का, फॅनचा आवाज बदलतो का, वार्निशचा वास येतो का, हे बघायचं. पिवळा दिवा लागून पाच मिनिटांनी परत नीट चालू झालं तर ते फक्त तापलं होतं. परत चालू झालंच नाही, तर तुमचा निर्णय तिथंच झाला.

प्लेट वाचायला शिका. '२०० अँपिअर' या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत टक्केवारी असते, त्याला ड्युटी सायकल म्हणतात. ३० टक्के म्हणजे दहा मिनिटांत तीन मिनिटंच २०० वर चालवायचं. सलग चालवायचं तर किती? २०० गुणिले ०.३ चं वर्गमूळ, म्हणजे ११०. तुमच्या दहा नंबर रॉडला तेवढंच लागतं, म्हणजे प्लेट खरी असेल तर हे मशीन तुम्हाला दिवसभर पुरेल. त्याच प्लेटवर इनपुटचे दोन आकडे असतात, एक कमाल करंट, दुसरा त्याहून लहान, प्रभावी करंट. वायर किती जाडीची लागेल हे दुसऱ्यावरून कळतं, रॉड पेटताना लाइनवर किती ताण येईल हे पहिल्यावरून. प्लेटवर नुसताच '२००' आणि बाकी काहीच नसेल, तर त्या दोनशेवर विश्वास ठेवू नका. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कोणाकडून मागून न्या आणि रॉड चालू असताना मोजा. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथं काही दाखवणार नाही.

घरी आणल्यावर इन्व्हर्टरचा सगळ्यात मोठा शत्रू तुमचाच ग्राइंडर. लोखंडाचा बारीक भुसा फॅन आत ओढतो, बोर्डावर बसवतो, पावसाळ्यात त्याला ओल लागते आणि मशीन जातं. ग्राइंडिंगची ठिणगी मशीनच्या दिशेला जाणार नाही असं काम मांडा. महिन्यातून एकदा, प्लग काढून, कोरडी हवा जाळीतून मारा.

तेलाचं मशीन तरी हवंच असं कधी ठरलं, समजा पुढं थ्री फेज घेतलीत, तर तीन गोष्टी. वाइंडिंग तांब्याचं आहे का ॲल्युमिनियमचं, हे टर्मिनलजवळ वार्निश थोडं खरवडून बघा, आणि बाहेर काढलेल्या टोकावर भरवसा ठेवू नका, कारण आत ॲल्युमिनियम आणि बाहेर फक्त तांब्याचं शेपूट असं असतं. या मशिनांचा भाव शेवटी तांब्याच्या वजनावर ठरतो, त्यामुळे ॲल्युमिनियम असेल तर नऊ हजार हा भावच नाही. तेल तळातून थोडं काढून बघा. काळं आणि जळका वास म्हणजे वाइंडिंग भाजलंय. पाणी आहे का हे बघायला रिवाइंडिंगवाले दोन थेंब तापल्या पत्र्यावर टाकतात, तडतडलं की पाणी आहे. आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं प्रायमरी ते सेकंडरी, म्हणजे लाइनकडचं ते होल्डरकडचं वाइंडिंग, इन्सुलेशन पाच मेगाओहमच्या वर हवं. ही तपासणी तुमच्या भागातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला शंभर-दोनशे देऊन करून घ्या. पंपाच्या मोटरी बांधून त्यांचा हात बसलेला असतो, बघताक्षणी सांगतील.

कामाबद्दल एक-दोन गोष्टी, मशीन घेतल्यावर तुम्ही विचाराल म्हणून. दीड मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपला भोकं पडत असतील तर होल्डर मायनसला लावा, क्लॅम्प प्लसला, बारा नंबर रॉड आणि साठ-पासष्ट अँपिअर. ७०१८ रॉड वापरली तर होल्डर प्लसला, आणि ती रॉड ओली चालत नाही. आपल्या पावसाळ्यात साध्या ६०१३ सुद्धा बंद डब्यात ठेवा. ट्रॉलीचा पत्रा तुम्ही लावा, पण ट्रॉलीचा हुक, दांडा आणि ॲक्सल घरी वेल्ड करू नका. कारखान्याच्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली सुटली तर मागून दुचाकीवर कोण येतंय हे आपल्याला माहीत नसतं. ती कामं मीही तपासणीची सोय असलेल्या वर्कशॉपला पाठवतो.

काच दहा किंवा अकरा नंबरची, आणि मुलं शेडजवळ नकोत. पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाशही डोळे भाजतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं तर बटाट्याच्या चकत्या किंवा दूध घालू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. जीआय पाइपवर वेल्डिंगच्या आधी जस्त घासून काढा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि दूध प्यायल्यानं तो थांबत नाही. डिझेलची किंवा पेट्रोलची टाकी, रिकामी असली, धुतलेली असली तरी, वेल्डिंगला घेऊ नका. जुलैमध्ये शेडची फरशी ओली असताना कोरड्या लाकडी फळीवर उभे राहा, हातमोजे घामानं भिजले की बदला.

राहिला जनरेटर. तुमच्या कामासाठी घेऊ नका. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर दहा नंबर रॉडवर चालवायला जवळपास पाच केव्हीए लागतात, आणि जनरेटर कायम काठावर चालवायचा नसतो, म्हणजे साडेसात केव्हीएचा हवा. लग्नात भाड्यानं मिळणारा दोन-तीन केव्हीएचा लहान जनरेटर रॉड पेटताच घुसमटतो, त्याचं व्होल्टेज खालीवर होतं आणि त्या झटक्यात तुमच्या मशीनचा बोर्ड जातो. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर तर मशीन चुकूनही लावू नका. लाइट गेली तर त्या दिवशी माप घ्या, कापाकापी हॅक्सॉनं करा, घासून ठेवा. लाइट आल्यावर टाके मारायला अर्धा तास पुरतो.

या आठवड्यात फक्त एवढं करा: मीटरवर छापलेला अँपिअरचा आकडा, बिलावरचा मंजूर भार, आणि संध्याकाळी सात वाजता शेडमधल्या बोर्डावरचं व्होल्टेज, गीझर चालू असताना आणि बंद असताना. हे चार आकडे मला कळवा. वायर सहाची पुरेल की दहाची टाकावी लागेल ते त्यावरून नेमकं सांगता येईल. तोपर्यंत उद्यमनगरातल्या त्या माणसाला नऊ हजारांच्या मशीनचा ॲडव्हान्स देऊ नका.